ठोका कुठे मारायचा?

हातोडीचा तो विनोद तुम्हाला ठाऊक असणारच. कारखान्यातले भलेमोठे यंत्र बंद पडते. इंजिनिअर लोक डोकी खाजवून थकतात. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरला बोलावणे जाते. तो येतो, यंत्राभोवती एक फेरी मारतो, कान लावून ऐकतो आणि हातोडीने एका जागी टक्‌ करून ठोका मारतो. यंत्र सुरू! बिल येते दहा हजारांचे. मालक भडकतो, तपशील मागतो. म्हातारा लिहून देतो : ठोका मारल्याबद्दल १ रुपया, ठोका कुठे मारायचा ते ठाऊक असल्याबद्दल ९,९९९ रुपये.

विनोद फक्कडच आहे. कुणी तो एखाद्या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावर खपवतात, कुणी जहाजाच्या इंजिनावर बसवतात. बसवोत बापडे. माझे भांडण विनोदाशी नाही, तो पाठवणाऱ्यांशी आहे. गेल्या काही वर्षांत हा विनोद मला व्हॉट्सअ‍ॅपवर किमान वीस वेळा तरी आला असेल. पाठवणारे कोण? कुणी गुंतवणूक सल्लागार, कुणी व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे घेणारे, कुणी संगणकवाले, कुणी निवृत्त साहेब. खाली ठळक अक्षरात तात्पर्य : 'ज्ञानाची किंमत करा.' आणि हेच सद्गृहस्थ घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला काय म्हणतात? "पाच मिनिटांचे तर काम, त्याचे पाचशे रुपये?"

म्हणजे पहा, विनोद फिटरचा, हातोडी फिटरची, अक्कलही फिटरचीच. पण त्या अक्कलेचे पैसे मागण्याचा अधिकार मात्र टाय लावणाऱ्याचा! फिटरने तो विनोद आपल्या बिलाखाली लिहून दिला तर आपण त्याला उद्धट म्हणू. ही चोरी आहे, आणि ती आपण पांढरपेशे लोक रोज हसत हसत करतो, असे माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी हा लेख.

हत्यारांवरचे विनोद दोन जातींचे असतात. एक कामशाळेच्या आतला, एक बाहेरचा. आतला विनोद हत्यार हातात धरलेला माणूस करतो आणि तो बहुधा स्वतःलाच हसतो. बाहेरचा विनोद हत्यार कधीच न धरलेला माणूस करतो आणि तो धरणाऱ्याला हसतो.

आतल्याचा एक नमुना देतो. माझे एक मामा बार्ज दुरुस्तीच्या कामशाळेत फिटर होते. नवा पोरगा कामाला लागला की तिथे पहिल्या आठवड्यात त्याला हमखास हुकूम सुटायचा, "वच रे, लेव्हलांतलो बुडबुडो सोंपलो, स्टोरांतल्यान पावकिलो घेवन यो!" पोरगा धावत स्टोअरमध्ये. स्टोअरवालाही कटात सामील. तो गंभीर चेहऱ्याने विचारणार, मोठे बुडबुडे हवेत की बारीक? पोरगा परत विचारायला येणार. अशा दोन-तीन खेपा झाल्या की सगळी कामशाळा खो खो हसायची, मग पोराला चहा आणि भजी. त्या दिवसापासून तो त्यांच्यातला एक.

ही गंमत काही आपलीच नव्हे. इंग्लंडमधल्या कामशाळांत नव्या उमेदवाराला डावखुऱ्यांचा स्क्रूड्रायव्हर आणायला पाठवायची जुनी रीत आहे. कुणाला चौकड्यांचा रंग आणायला पाठवतात. आणखी एक खोडी म्हणजे 'लाँग वेट' मागायला पाठवणे. पोराला वाटते, लांबट आकाराचे काही वजन असेल. स्टोअरवाला 'बरं, थांब' म्हणतो आणि त्याला अर्धा तास उभा ठेवतो. मागितले ते मिळाले, कारण उच्चार एकच, वाट पाहणेही 'वेट'च!

पण मामा आणखी एक गोष्ट सांगायचे, ती मला महत्त्वाची वाटते. या थट्टेला सीमा होती. लेथच्या चकमध्ये चकची चावी विसरून राहिली, तर त्यावर कुणी हसत नसे. यंत्र सुरू होताच ती चावी गोळीसारखी सुटते आणि समोरच्याचे डोके फोडते. दांडा हलणारी हातोडी कुणी उचलली, मूठ नसलेली कानस कुणी वापरली, तर शिव्या बसत. कानशीचे मागले टोक टोकदार असते, मूठ नसेल तर ते सरळ तळहातात घुसते. बुडबुड्यावर हसायचे, चावीवर नाही. कशावर हसायचे आणि कशावर नाही, हे ठाऊक असणे हीदेखील एक कारागिरीच. ती आतल्या माणसालाच जमते.

इंग्रजीत हत्यारांच्या विनोदी व्याख्यांची एक यादी ईमेलच्या जमान्यापासून फिरते आहे. तिचा सूर असा, की हातोडी हे जवळपासची सर्वांत महागडी वस्तू शोधून नेमकी तिच्यावर पडणारे यंत्र आहे. यादीतले प्रत्येक हत्यार असेच मालकावर उलटते. ती वाचून जो मोठ्याने हसतो, त्याच्या अंगठ्याचे नख एकदा तरी काळेनिळे झालेले असते. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये अंकल पॉजर भिंतीवर एक तसबीर टांगायला निघतात. कुणी हातोडी आणा, कुणी शिडी धरा, कुणी दिवा धरा, सगळे घर वेठीला. खिळा हरवतो, मग हातोडी हरवते, अंगठा ठेचतो, आणि मध्यरात्री तसबीर वाकडीच लागते. त्या प्रसंगात हसे कुणाचे होते? सुताराचे? तो तर तिथे नाहीच. हसे होते ते सुताराला न बोलावणाऱ्या गृहस्थाचे.

आणि आपल्याकडे तर याहून कितीतरी जुना दाखला आहे. पंचतंत्रातल्या मित्रभेदातली पहिलीच गोष्ट आठवा. नगराजवळ देवळाचे बांधकाम चाललेले. सुतार दुपारी जेवायला गेलेले. अर्धवट चिरलेला एक ओंडका तसाच पडलेला, चीर मिटू नये म्हणून तिच्यात खैराची पाचर मारून ठेवलेली. माकडांची टोळी येते. एक माकड ओंडक्यावर, चिरेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते आणि पाचर उपटते. पुढे काय झाले ते सभ्य भाषेत सांगता येत नाही. पंचतंत्राने गोष्टीचे तात्पर्य 'नसत्या उठाठेवी करू नयेत' असे काढले, ते ठीकच. पण मला त्यात दुसरेच दिसते. ही गोष्ट आधी कुठल्यातरी सुताराने जेवणाच्या सुट्टीत सांगितली असणार. पाचर कशासाठी असते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच यातली गंमत सुचेल. इथेही सुतार शहाणा आणि हत्याराला उगाच हात लावणारा माकड!

एवढा मोठा वारसा असताना आपण, मराठी सुशिक्षितांनी, काय केले? हसू उलटे फिरवले. आपल्या भाषेत पहा. घाईगर्दीत केलेल्या गबाळ्या कामाला आपण 'घिसाडघाई' म्हणतो. त्या शब्दात कोण बसलेला आहे? घिसाडी, म्हणजे पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारा लोहार. आता लोहाराची घाई म्हणजे काय ते समजून घ्या. लोखंड भट्टीतून लाल होऊन बाहेर आले की ऐरणीवर घाव घालायला मोजके क्षण मिळतात. ते गेले की लोखंड थंड, पुन्हा भाता, पुन्हा भट्टी, पुन्हा कोळसा. त्या क्षणांत जो चपळाईने घाव घालतो तो कसबी. म्हणजे लोहाराची घाई हे त्याचे कसब, आणि आपण त्याची शिवी केली! 'चांभारचौकशी'ही तशीच. चप्पल शिवणाऱ्याने पायाची, चालण्याची, टाच कुठे झिजते याची विचारपूस केली नाही तर चप्पल बसेल कशी? पण बसून खाणाऱ्यांना ती चौकशी नसती वाटली, आणि एका जातीचे नाव कायमचे टिंगलीला जुंपले गेले.

कुणी म्हणेल, अहो, विनोद तो विनोद, शब्द तो शब्द, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? तर मनाला लावून घेणाऱ्याचे नुकसान कसे होते ते आता सांगतो.

आमच्या नात्यातला एक मुलगा. दहावीला बरे गुण. त्याला आयटीआयला जाऊन फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता. त्याला ओढ होतीच, आजोबांची पेटी उघडून पाने, पकडी, छिन्न्या लावत बसायचा. चतुर्थीला सगळे जमलेले असताना त्याने हे सांगितले. झाले! "म्हणजे आता आमच्या घरात पंक्चर काढून मिळणार!" "लग्नाच्या बायोडाटाला फोटोऐवजी पाना जोड रे!" "डोक्याचा स्क्रू आवळायला तुझ्याकडेच येऊ!" सगळे हसले. पोरगाही हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. आज तो एका पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कुठल्या विषयाच्या ते त्यालाही नीट सांगता येत नाही. पुढे तो माझ्यासारखीच कारकुनाची परीक्षा देणार. कुणी त्याला मनाई केली नाही, कुणी मारले नाही. चार विनोदांनी काम केले. हातोडीपेक्षा विनोदाचा घाव वर्मी बसतो, कारण तो घालणाऱ्याला आपण घाव घातला हे कळतही नाही.

सरकारी नोकरी म्हणजे काय चीज आहे हे मी आत बसून पाहतो आहे, त्यामुळे त्याबद्दल बोलायला मला कुणाची भीड नाही. गोव्यात ती एखाद्या दैवतासारखी पुजली जाते. २०२४ साली नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे उजेडात आली, माणसे अटकेत गेली. लाखो रुपये देऊन खुर्ची विकत घ्यायला माणूस तयार आहे, आणि हातात कसब फुकट येत असताना त्याला ते लाजिरवाणे वाटते! आयटीआयत पहिले कित्येक दिवस नुसती कानस मारायला लावतात. लोखंडाचा तुकडा घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. हॅक्सॉचे पाते उलटे लावले की तिथे हशा पिकतो. दाते पुढच्या बाजूला हवेत, कारण ती करवत पुढे ढकलताना कापते. चूक तिथल्या तिथे दिसते, लपवता येत नाही. आमच्या फायलीवरची चूक मात्र तीन टेबले फिरून निवृत्तीपर्यंत लपते!

यावर हमखास येणारा आक्षेप ठाऊक आहे. "ते सगळे ठीक, पण मेस्त वेळेवर येतो का? 'फाल्यां येतां' म्हणतो आणि पंधरा दिवस तोंड दाखवत नाही." खरे आहे, असे मेस्त आहेत. पण 'उद्या या' हा मंत्र या भूमीत सर्वांत जास्त कुठे जपला जातो? कचेऱ्यांत! मेस्ताच्या उद्याचा आपण विनोद करतो, साहेबांच्या उद्याला 'प्रक्रिया' म्हणतो. शिवाय मेस्त का येत नाही, तर दहा घरी एकच मेस्त उरला आहे म्हणून. दहाजणांनी आपली पोरे त्या कामाकडे फिरकू दिली नाहीत, आता दहाहीजण त्या एकाची वाट पाहत बसले आहेत. हा जमाखर्च साधा आहे.

आणि जे मेस्त येतात ते कोण, याकडे पहा. खाणी २०१२ साली बंद पडल्या, मध्येच सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या. त्या काळात डिचोली, सांगे, सत्तरीकडच्या ट्रक-टिप्परांच्या गॅरेजींवर काय बेतले ते त्या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको. हाताला कसब असलेली आपली किती माणसे त्या काळात मिळेल त्या नोकरीकडे वळली. बांधकामावर, सुतारकामावर आज कर्नाटक, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली मुले दिसतात. मग आपला विनोद दुप्पट विखारी होतो. हत्याराचीही टिंगल आणि परक्याचीही. 'घाटी' हा शब्द गोव्यात कसा वापरला जातो ते मराठी वाचणाऱ्या माणसाला वेगळे सांगायची गरज नाही. तो कधीतरी आपल्याही कानावर आदळलेला आहे. निदान आपण तरी तो दुसऱ्याच्या पाठीवर मारू नये.

आता भाषेकडे वळतो, कारण या पानावर येणारे बहुतेकजण भाषेचे चाहते आहेत. 'पाचर मारली' असे आपण राजकारणाबद्दल रोज वाचतो. पाचर पाहिली आहे कितीजणांनी? 'एक घाव दोन तुकडे', 'टाकीचे घाव', 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही सगळी कामशाळेतून आलेली भाषा आहे. शेवटच्या म्हणीतला विनोद किती काळाकुट्ट आहे पहा : कुऱ्हाडीच्या नुसत्या पात्याला झाड पाडता येत नाही, त्यासाठी झाडाच्याच भाऊबंदातला एक लाकडी दांडा फितूर व्हावा लागतो. हे सुचायला दांडा बसवणारा माणूस लागतो. आपण म्हण ठेवली आणि माणूस घालवला.

गोव्यात तर या शब्दांची आणखी गंमत. 'मेस्त' आणि 'मिस्त्री' दोन्ही पोर्तुगीज 'मेस्त्रे'पासून आलेले, ज्याचा अर्थ उस्ताद, गुरू. म्हणजे ज्याला आपण दारातूनच हाक मारतो, त्याला शब्दाने गुरुजी म्हणतो! 'घमेले' तिकडचेच, दाराची 'बिजागरी'ही तिकडचीच. 'चावी'सुद्धा. मूळ पोर्तुगीज शब्दात कुलपाची किल्ली आणि नट आवळायचा पाना हे दोन्ही अर्थ आहेत. आपण किल्ली घेतली, पाना सोडून दिला. तिजोरी उघडणारी चावी हवी, नट आवळणारी नको, असा आपला हिशेब तेव्हापासूनचाच की काय?

मराठी की कोकणी या वादात १९८७ च्या राजभाषा कायद्याआधी आणि नंतरही आपण दोन्हीकडच्यांनी किती कागद खर्ची घातले! संमेलने झाली, ठराव झाले. पण पटाशी, वाकस, गिरमिट, ओळंबा, सांडशी हे शब्द मेस्ताच्या तोंडी कसे येतात ते लिहून ठेवावे, असा एक तरी ठराव कुणी आठवून सांगावा. कुंकळ्ळीचे चितारी लाकडाला लाखेचा रंग चढवतात, डिचोलीत पितळेच्या समया घडल्या. त्यांच्या हत्यारांची नावे आणि त्या नावांवरच्या त्यांच्या कोट्या कुठल्या वहीत आहेत? बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात जुनी अवजारे जपून ठेवली आहेत, हे मोठेच काम आहे. पण भिंतीवर टांगलेला रंधा विनोद करत नाही. विनोद करायला त्याच्यामागे हात लागतो.

चिं. वि. जोशी वडोदऱ्याला पाली शिकवत होते, विद्वान माणूस. त्यांनी चिमणराव उभा केला आणि मराठी पांढरपेशाला स्वतःवर हसायला शिकवले. आपला खरा विनोद तो. खाली वाकलेल्या माणसाला हसणे याला आपल्याकडे विनोद म्हणत नसत, माज म्हणत.

खंडेनवमीला आमच्या कचेरीत संगणकाला झेंडूचा हार घालतात, स्टेपलरला हळदकुंकू लावतात, प्रिंटरपुढे नारळ फुटतो. पूजा झाली की प्रसाद खाता खाता पुन्हा कुणाच्या तरी मेस्ताची टिंगल सुरू. शस्त्राची पूजा आणि शस्त्र चालवणाऱ्याची थट्टा, हे एकाच दिवशी एकाच तोंडाने कसे जमते? केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षण, स्वस्त कर्ज आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. त्या १८ व्यवसायांत हातोडी आणि अवजारे घडवणाराही आहे. चांगली गोष्ट आहे. पण सरकार हत्यार देऊ शकते, मान देऊ शकत नाही. तो चतुर्थीच्या पंगतीत, गाडीच्या गॅरेजसमोर, घरच्या ओट्यावर द्यावा लागतो, आणि तो द्यायला कुठलाही अर्ज भरावा लागत नाही.

म्हणून मागणे थोडकेच आहे. हातोडीचा तो विनोद पुन्हा आला तर जरूर हसा, पुढेही पाठवा. फक्त पाठवण्याआधी आठवून पहा, तुमच्या दारात आलेल्या शेवटच्या कारागिराशी तुम्ही किती रुपयांसाठी घासाघीस केली होती. घरातले एखादे पोर पाना घेऊन बसले असेल तर त्याला त्या पान्याचे नाव विचारा, काय खोलतो आहेस ते विचारा. आणि पंगतीत कुणी त्याच्यावर कोटी केलीच, तर त्या पोराआधी तुम्ही बोला. ठोका नेमका तिथे मारायचा आहे.